मागचे शॉक काढले

१२ एप्रिल, शनि.
अरुणने मोटरसायकलचे मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्झॉर्बर काढले. मी तासभर गराजच्या थंड फरशीवर चाक धरून बसलेली. शॉकच्या जागी आता दोन भरीव पोलादी दांडे. स्प्रिंग नाही, काही नाही. खड्डा आला की सरळ कण्यात. का रे हे, विचारलं. "दिसायला छान दिसतं."
एकतीस वर्षं इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये ह्या माणसाने गाड्यांचे शॉक डिझाइन केले. आत बसलेल्याला रस्ता कळता कामा नये, हेच त्याचं काम. आणि आता दिसायला छान.
गुडघे ठणकतायत. स्वयंपाक नाही, कालचीच आमटी.

१३ एप्रिल, रवि.
अ.च्या ऑफिसातले जुने सोबती देशपांडे आले. दांडे बघून कपाळावर हात. "काय बे अरुण, जन्मभर लोकांच्या कंबरा वाचवल्या अन् आता स्वतःचीच मोडायला काढली?" अ. नुसता हसला. "वहिनी, तुम्ही काही बसू नका मागं."
मी तशीही बसत नाही. गेल्या वर्षी माझ्या मणक्याला बारीक तडा गेला तेव्हापासून मागची सीट रिकामी.
पुण्यात एका बाजूला बसायचे. इथे आल्यावर पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसले, त्या दिवशी केवढी लाज आणि केवढी मजा. आईला पत्रात सगळं लिहिलं, एवढं सोडून.

१६ एप्रिल, बुध.
अ. चहा घेऊन गराजमध्ये गेला. उजवी सपात स्वयंपाकघरात, टेबलाखाली. एकच पायात. नेऊन दिली तर म्हणाला, "अरे, कधी निघाली?"
गराजची फरशी बर्फासारखी आहे.

१९ एप्रिल, शनि.
पहिली फेरी. हिवाळ्याने रस्त्यांची चाळण केलीय. वीस मिनिटांत परत, चेहरा लाल. वाटलं, आता शॉक परत बसवेल. हेल्मेट काढून म्हणाला, "कळतं गं सगळं. बारीक खडी आली तरी कळते." किती दिवसांनी असा आनंदात.
मला मात्र ती सपात आठवत राहिली.

२० एप्रिल, रवि.
चौदा वर्षं डायबेटिस. दर रविवारी त्याचे पाय मी बघते, क्रीम लावते. आज क्रोशाची सुई घेतली, बोथट टोकाकडून. म्हटलं, डोळे मिट, लागलं की सांग.
"हो," म्हणाला.
मी अजून सुई टेकवलीच नव्हती.
मग टेकवली. टाचेला, चवड्याला, अंगठ्याला. गप्प. मी रडले नाही. सुई बाजूला ठेवली आणि क्रीम लावलं.
मग स्वतःच बोलला. वर्ष झालं. कापसावर चालल्यासारखं. उजव्या पायाखाली ब्रेक आहे की नाही ते कळत नाही. "दांडे लावले की रस्ता बुडातून वर येतो. तळव्यांतून नाही तर नाही, तसा तरी कळेल."
आणि ब्रेक?
"गुडघ्याच्या अंदाजाने दाबतो."

२२ एप्रिल, मंगळ.
भांडण. गाडी विकून टाक म्हटलं. "आणि कार? तीही पायानेच चालते. मग तीही घेशील काढून. जाशील तू हायवेवर?"
नाही जात. ग्रोसरी आणि लायब्ररी, एवढीच माझी धाव. इथे कार गेली की माणूस घरात.
नेहाचा ईडन प्रेरीहून फोन. "आई, डॅड साउंड्स सो हॅपी! व्हॉट डिड यू डू?" म्हटलं, नवीन छंद. खोटं काही बोलले नाही. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खरं गिळलं तर तेही खोटंच. साठी उलटली तरी त्या पट्टी घेऊन उभ्याच.

२६ एप्रिल, शनि.
तो मोटरसायकलवर, मी मागे कारमधून. मी हट्टच धरला होता.
सिग्नल सुटला, तो निघाला, पण मागचा ब्रेकचा लाल दिवा विझेना. पाय ब्रेकवरच, आणि त्याला पत्ता नाही. दीड-दोन मैल तो दिवा तसाच. मी हॉर्न दिला तर त्याने हात हलवला, प्रेमाने.
मग शाळेजवळचं क्रॉसिंग. बाबागाडी घेऊन एक मुलगी उतरली होती. अ. थांबला, पण पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध. तिने बाबागाडी मागे ओढली, इतकंच.
घरी आलो. जेवलो. थकवा असा की भांडी तशीच.

२९ एप्रिल, मंगळ.
परवा डॉक्टरांकडे वार्षिक तपासणी. चहा घेताना अ. म्हणाला, "ती डॉक्टर नायलॉनचा तंतू टेकवते पायाला. डोळे मिटायला लावते. गेल्या वेळी कसंबसं निभावलं. या वेळी तिला कळलं तर लायसन्स जाईल."
मग?
"तू समोरच बसतेस. तिने टेकवला की हलकं खोकायचं. एवढंच."
मला आधी हसू आलं. मग त्याच्याकडे बघितलं. चेष्टा नव्हती.
"इतकी वर्षं मागे बसलीस. मी वळायच्या आधी तुला कळायचं, तू झुकायचीस. आता मला कळू दे तुझ्याकडून."
शाळेत परीक्षेत कुणाला एक शब्द सांगितला नाही मी कधी. शेजारची रडत होती तरी.
हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवलं नाही.

३० एप्रिल, बुध.
काही सुचत नाही. बाबागाडी निळी होती. आज दुकानात तशीच दिसली, तर मी लांबून वळले.
अ. गराजमध्ये गाडी पुसत होता. शीळ घालत.

१ मे, गुरु.
दहाची अपॉइंटमेंट. अ. आठलाच तयार, नवे मोजे.
माझा घसा सकाळपासून खवखवतोय, खरंच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. थांबेना, म्हणून पुन्हा केल्या, मग खडीसाखर. तिथे आपसूक खोकला यायला नको. डोकं वर केलं तर अ. बाथरूमच्या दारात उभा. किती वेळ बघत होता कोण जाणे.
"निघू या?" म्हणाला. बूट आणायला गेलाय.