ऑस्करची टोपी आणि तिचे दोन स्क्रू

मी, ज्युलियाना ऑस्कर मस्कारेन्हस, वय ६८, राहणार कुक टाउन, बंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवाच डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी दोनवर येऊन थांबले, तेव्हा ते कंटाळले होते. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे. आधीचं मृत्युपत्र, ज्यात सगळं माझ्या बहिणीच्या मुलाला, रेनल्डला दिलं होतं, ते मी रद्द करते.

१. राहतं घर मुनिरत्नम्माला. माझ्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात तिने एकतीस वर्षं भिंगं घासली आणि त्याच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच बसली. तिने परसातलं बिंबलीचं झाड तोडू नये, एवढीच विनंती.

२. बँकेतल्या ठेवी माझ्या कॉन्व्हेंट शाळेला, मुलींच्या चष्म्यांसाठी. तिथे सिस्टर अ‍ॅग्नेसकडे लाकडी दुहेरी भिंगाची पेटी होती. आत रोमचं चित्र ठेवलं की खांब पुढे यायचे. मी हात पुढे केला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "हात खाली, ज्युलियाना. रोम शिवायचं नसतं." सिस्टर आता नाहीत. तो हात मात्र अजून पुढेच आहे असं वाटतं.

३. चिनी मातीची भांडी कोणालाही द्यावीत, माझी बहीण लीरा, रेनल्डची आई, सोडून. १९९५च्या नाताळात माझाच कुस्वारचा गोडधोड फराळ खाता खाता ती म्हणाली, "भावोजी, दुकान सोडून ही खेळणी कसली करत बसता?" ऑस्कर हसला. मी हसले नव्हते.

४. ते खेळणं म्हणजे ऑस्करची टोपी. स्कूटरचं हेल्मेट, व्हिडिओ कॅमेऱ्यांतले दोन छोटे पडदे, समोर दोन भिंगं आणि प्रत्येक भिंगाला स्वतःचा स्क्रू. चष्मा करणारा माणूस नाकापासून प्रत्येक डोळ्याचं अंतर वेगळं मोजतो. ऑस्कर म्हणायचा, "नाक बरोबर मधोमध असतं, हे फक्त इंजिनिअरांना वाटतं." १९९६च्या मोंती फेस्तच्या सणाला चर्चच्या आवारात त्याने टोपी मांडली. आधी पट्टीने डोळे मोजायचे, वहीत नाव आणि दोन आकडे लिहायचे, मग टोपी चढवायची. चर्चच्या त्या वर्षीच्या अंकात फोटोसह हे सगळं छापून आलं आहे.

रेनल्ड आता असेच डोळ्यांवर चढवायचे व्हीआर हेडसेट बनवतो. तीन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे आला होता, चेहरा पडलेला. "मावशी, निम्म्या लोकांचं डोकं दुखतं. कारणच सापडत नाही."

मी विचारलं, "डोळे कुणाचे मोजलेस?"

"माझे."

त्याच्या हेडसेटला दोन भिंगं आणि एकच चाक, दोन्ही भिंगं सारखीच सरकवणारं! मी त्याला वाफेवरच्या गरम सान्ना वाढल्या आणि ऑस्करची वही दाखवली. दोन स्क्रू दाखवले. त्याने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, ऑस्करला वारस मिळाला.

पुढच्या वर्षी त्याने पेटंटसाठी अर्ज केला: प्रत्येक डोळ्यासाठी वेगळं सरकणारं भिंग, जगात प्रथमच, संशोधक एकटा रेनल्ड. मी विचारलं, "ऑस्कर बाप्पूंचं नाव?"

"मावशी, ही सुधारणा नाही, क्रांती आहे. बैलगाडीला कोणी विमानाची आजी म्हणतं का?"

"विमानाला चाकं नसतात का रे?"

"तू ते भंगार टाकून दे बघू. उगाच घरात धूळ."

५. म्हणून मत नोंदवते. सिस्टरची पेटी, ऑस्करची टोपी, रेनल्डचा हेडसेट ही एकच वाट आहे, पावलापावलाने चाललेली. मान वळली की चित्र वळतं, हे ऑस्करला कधीच जमलं नाही. पण ते रेनल्डच्या जन्माआधीच अमेरिकेत कोणीतरी केलं होतं. रेनल्डने हेडसेट हलका केला, एवढं मी मान्य करते. हलका करणं हे काही कमी काम नाही. तेवढंच सांगितलं असतं, तर घर त्याचं होतं.

६. टोपी, मूळ वही आणि चर्चचा अंक सार्वजनिक संग्रहालयाला. पाटीवर ऑस्करचं पूर्ण नाव असावं. वहीचं सतरावं पान उघडं ठेवावं. तिथे ऑस्करच्या अक्षरात आहे: "रेनल्ड, वय नऊ. डावा २६, उजवा २८. उतरवायला तयार नाही." अर्जात ज्याने आपण असं काही कधी पाहिलं नाही असं लिहिलं, तो हाच.

७. रेनल्डला काही नाही. हे माझ्या हातून राहून गेलेलं नाही, याची त्याच्या वकिलाने नोंद घ्यावी.

८. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतं, असं मुनिरत्नम्माच्या लेकीने मला वाचून दाखवलं. हे मृत्युपत्र उघडलं जाईपर्यंत थांबण्याइतकी मी भली नाही. माझ्या हरकतीसोबत वहीच्या आणि अंकाच्या साक्षांकित प्रती मंगळवारी रजिस्टर पोस्टाने चेन्नईच्या पेटंट कार्यालयात गेल्या. पोचपावती आज आली. रेनल्डला त्या हरकतीची प्रत मिळेल तेव्हा मी जिवंत असेन आणि फोन मीच उचलीन.

सही: ज्युलियाना ऑ. मस्कारेन्हस

आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत, सही केली:
१. फा. क्लॅरेन्स रेबेलो
२. वसुंधरा शेणॉय, निवृत्त शिक्षिका

बंगळुरू, १४ नोव्हेंबर २०२५