हूडमागची भिंत

आई, आज मी तुझ्या नावावर खोटं बोललो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, फोनवर 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' एवढंच काय ते. पण दुपारपासून तेच डोक्यात आहे, म्हणून बसलोय लिहायला.

काम तेच, जे तुला मैत्रिणींना कधी धड सांगता आलं नाही. 'माझा पोरगा तिकडं लोकायची घरं तपासते' असं म्हणायचीस आणि त्या विचारायच्या, पोलिसात आहे का? अजून तेच करतो. घर विकत घेण्याआधी लोक बोलावतात. घर तापवणारी फर्नेस लावून गरम हवा वरच्या खोल्यांत पोचते का बघायचं, बाथरूमचा पंखा वाफ बाहेर टाकतो की माळ्यावरच सोडून देतो ते बघायचं, घराला बाहेरून चक्कर मारून साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं ते आडव्या पट्ट्यांचं आवरण, कुठं तडकलंय का, आत पाणी शिरतंय का ते बघायचं. आज नेपरव्हिलमध्येच, आपल्या घराच्या जवळ, एक मराठी जोडपं घर घेतंय. मुलगा अमरावतीचा, त्याची आई नुकतीच देश सोडून कायमची इथं राहायला आलीय. बाई साडीवर स्वेटर घालून माझ्या मागे मागे. ही जाळी कशाची, ह्यातून हवा येते का, मग ती जाते कुठं? एकेक प्रश्न असा नेमका की मला बरं वाटत होतं.

किचनमध्ये आलो. शेगडीवरच्या हूडचा पंखा लावून मी नेहमीसारखा हात धरला, तर हवा वरच्या फटीतून परत आमच्याच तोंडावर. म्हणजे धूर बाहेर जातच नाही, एका जाळीतून फिरून घरातच येतो. इथल्या कितीतरी घरांत हेच असतं. मी तसं सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "नो प्रॉब्लेम काका. गॅरेजमध्ये एक स्टोव्ह टाकतोय ना आईसाठी. फोडणीबिडणी सगळी तिकडंच. घराला वास नको यार." त्याच्या आईनं गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. तुझ्यासारखंच पाहिलं अगं.

तू इथं माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा काय झालं होतं ते तुला सांगायला नको, पण मला लिहायला हवं. तू सुकट केली होतीस, मी मिटक्या मारत खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी तुझी नात शाळेतून आली ती रडत. "माय जॅकेट स्मेल्स, बाबा. एव्हरीबडी सेड." तू पोळ्या लाटत होतीस. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण तिनं जॅकेट नाकाला लावून फेकलं ते कळायला इंग्रजी कशाला लागतं? रात्री मी म्हणालो, "आई, उद्यापासून फोडणीचं तेवढं गॅरेजमध्ये करशील का?" 'करशील का' म्हणालो, जसं काही तू नाही म्हणणार होतीस! त्याच आठवड्यात मी दोन बर्नरची विजेची शेगडी आणून टेबलावर मांडून दिली आणि तुला दाखवली, वर मोठ्या कौतुकानं. तू म्हणालीस, "इथं गरम हवेची जाळी नाही का रे?" मी माझं ज्ञान पाजळलं, की गॅरेजला हीटिंगची जाळी देत नाहीत, नाहीतर गाडीचा धूर घरात शिरतो. तू हसलीस. "म्हणजे गाडीचा धूर घरात नको, अन् माझाबी नको."

माझं जुनं जॅकेट साडीवर, पायात दोन-दोन मोजे, डोक्याला कानटोपी. बाहेर बर्फ आणि तू धूर जायला म्हणून गॅरेजचं दार वीतभर वर करून त्या गारठ्यात कांदा परतते आहेस. मी सकाळी गाडी काढायला येतो, तू कढई उचलून बाजूला होतेस. "जा, जा, तुले उशीर होईल." आणि मी जातो, आई. दुसऱ्यांच्या घरी जाऊन हूडखाली हात धरतो, आणि गंभीर चेहऱ्यानं सांगतो की धूर बाहेर जाण्याची सोय करून घ्या, आरोग्याला बरं नाही.

नागपुरातल्या भाड्याच्या खोल्या मी विसरलो होतो असं नाही. घर देताना वरच्या घरमालकीणबाईनं आडनाव विचारलं नव्हतं. ते तिनं नंतर वासावरून ताडलं, आणि मग रोज जिन्यात उभी राहून, 'काय शिजतंय हो आज?' तू सुकट भाजायचीस तेव्हा आधी म्हणायचीस, "खिडकी लाव रे." भर उन्हाळ्यात आपण दारंखिडक्या लावून, डोळे चोळत, खोकत जेवायचो, आणि तरी किती गोड लागायचं! मग तू स्वतःचा फ्लॅट घेतलास. सोफा नाही, पलंग नाही, आधी शेगडीच्या वर रस्त्याकडे तोंड केलेला एक्झॉस्ट फॅन बसवलास. बुद्धवंदना झाली आणि तू सुकट टाकलीस, फॅन लावलास आणि खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिलीस, वास येतो का बघायला. वर येऊन म्हणालीस, "येतो. येऊ दे ना बापा. घर माझ्या नावचं आहे." तो फॅन सोडून तू माझ्याकडे आलीस. आणि मी काय दिलं तुला? वीतभर दार.

त्या वर्षी गारपिटीनं साइडिंग फोडलं होतं, आठवतं? कामाला आलेल्या माणसानं किचनच्या बाजूची भिंत उघडी केली होती. तू जॅकेट घालून गॅरेजमधून त्याला चहा द्यायला बाहेर आलीस. तो तुझ्याकडे बघून, भिंतीकडे हात करून मला काहीतरी विचारत होता. नंतर तू विचारलंस, "काय विचारून राहिला होता रे तो?" मी म्हणालो, "काही नाही, रंगाचं." तू म्हणालीस, "पांढराच बरा." मग उन्हाळा लागला आणि तू परत गेलीस. "तिकडं खिडकी तरी उघडता येते," एवढंच म्हणालीस, तेही हसत. पुन्हा आली नाहीस. मी तिकीट काढतो म्हणायचो, तू गुडघे दुखतात म्हणायचीस, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं.

आज त्या मुलाला मी जरा चढ्या आवाजातच बोललो. "गॅरेज कशाला रे? हूडच्या मागे बाहेरचीच भिंत आहे. साइडिंगला एक भोक, त्यातून पाइप, बाहेर झाकण. झालं!" तो म्हणाला, "पण काका, नेबर्सकडे स्मेल जाईल." म्हटलं, "जाऊ दे की. त्यांच्या मागच्या लाकडी डेकवरून ग्रिलचा धूर तुझ्याकडे येईल तेव्हा तू 'स्मेल्स गुड' म्हणशीलच ना?" मी म्हणायचो, म्हणून मला माहीत. त्याची आई एकदम पुढे आली. "तुमच्या घरी केलंय का हो असं?" आणि माझ्या तोंडून गेलं, "हो. आईसाठीच करून घेतलं होतं." बाईचे डोळे भरले. "नशीबवान तुमची आई," म्हणाली. मुलगा वरमला, करून घेऊ म्हणाला. म्हणजे काम झालं, खोटं खपलं. मी गाडीत येऊन बसलो आणि सरळ घरी आलो.

हे पाठवू कुठं? पत्ता पाठ आहे, पण तुझ्या त्या घरात आता दुसरीच माणसं राहतात. फॅन आहे की काढला, तेही मी विचारलेलं नाही. इथला आपला हूड अजून तसाच आहे, धूर फिरवून तोंडावर टाकणारा.

तू विचारलं होतंस ना, काय विचारत होता तो? रंगाचं नव्हतं, आई. तो म्हणाला, भिंत आता उघडीच आहे, हूड ह्याच्याच मागे आहे. तुझी आई थंडीत गॅरेजमध्ये स्वयंपाक करते ना, तिच्यासाठी पाइप काढून देऊ का बाहेर?

मी शेजाऱ्यांच्या डेककडे पाहिलं आणि नको म्हणालो.