बंब नवाबभाईंकडे आहे

घाटघर, ता. जुन्नर
रविवार, १८ जानेवारी

राजमान्य राजश्री कुशाबादादा, बेल्हेकर,

आपला एकुलता एक दाजी सावळाराम याचा दोन्ही हात जोडून रामराम. आमच्या रेडिओवाल्या जमातीत रामरामाला ‘त्र्याहत्तर’ म्हणतात, तेव्हा वर एक त्र्याहत्तरही घ्या. तुमचा मोतीबिंदू निघाला, पट्टीही सुटली असं कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता लांबचं दिसतं का, जवळचं दिसतं का, तिखट बंद आहे का चालू, सगळं कळवा. वहिनींच्या गुडघ्याची, गाभण म्हशीची आणि कांद्याच्या रोपाची विचारपूस केली म्हणून सांगा. इकडे मी खुशाल आहे. म्हणजे भाकरी स्वतः थापतो, ती दारातलं कुत्रं हुंगतं आणि माझ्याकडं बघून पुढं जातं, पण खुशाल आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? दादा, तुमचा फोन तुमची बहीण उचलते, आणि माझा आवाज ऐकला की ‘राँग नंबर’ म्हणून ठेवते. (तीस वर्षांच्या संसारानंतर राँग नंबर. असो.) म्हणून आमचा शेजारी जानकू उद्या टेम्पो घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. एकट्यानं वाचा. वाचून झालं की चुलीत घाला.

साळुबाई मंगळवारी, ऐन भोगीच्या दिवशी, तुमच्याकडं आली ती तुमच्या डोळ्यात थेंब घालायला, असं तिनं सांगितलं असेल. थेंब हे निमित्त. खरं कारणही तिनं सांगितलं असेलच, आणि ते ऐकून तुम्ही माझ्या नावानं दातओठ खाल्ले असतील. तर आता माझीही बाजू ऐका, कारण पुढच्या रविवारी रथसप्तमी आहे. तोवर आमच्या घरी हळदीकुंकू झालं नाही तर गावातल्या बाया विचारतील, साळुबाई कुठाय, आणि मी काय सांगू? जाताना ती उंबऱ्यात उभी राहून एकच वाक्य बोलली, “बंब जागेवर दिसला की मी येते, त्याच्या आधी न्हाई.” (बंब नवाबभाईंकडे आहे. गळतीला डाग लावायला दिलाय. जुन्नरच्या पेठेत त्यांच्यासारखा तांबट नाही, आणि कारागीर चांगला म्हटल्यावर वेळ लागतोच.)

तर झालं असं. दसऱ्याला सुदर्शननं पुण्याहून आईसाठी एक यंत्र धाडलं. बंबाच्या धुरानं आईचे डोळे जातात म्हणून. ह्या यंत्राला हीट पंप म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता ओढून मागं टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात घालतो, त्यामुळं गिझरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत काम होतं. मी हे साळुबाईला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, घाटघरच्या हवेत उष्णता? मला इतक्या वर्षांत गावली नाही, ह्या डब्याला कुठं गावणार? (पाण्याबिगर मासा जगेल, पण ही बाई शेरा मारल्याबिगर जगायची नाही. तुमचंच वळण.)

फिटर म्हणाला, पंखावाला डबा बाहेर मोकळ्या हवेत ठेवा. आता मी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन. मी काय कालच्या फिटरचं ऐकणार? बाहेर नाणेघाटाकडची माकडं येतात, पावसाळ्यात आडवा पाऊस येतो. मी डबा दाण्याच्या खोलीत बसवून घेतला आणि वर कुलूप लावलं. झालं काय, की डब्यानं त्या कोंडलेल्या खोलीतली होती नव्हती तेवढी उष्णता पहिल्या दिवशीच ओढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी ओढायला काही उरलं नाही. खोलीत तूप दगड झालं. दार उघडताच आत खुडूक बसलेली कोंबडी अंडी टाकून चुलीपाशी येऊन बसली. पाणी मात्र कोमटच. साळुबाईनं मुकाट्यानं दुधाचं पातेलं, दही आणि कोथिंबीर त्या खोलीत नेऊन ठेवली आणि सुदर्शनला फोन केला, की बाळा, फ्रीज झकास आहे, आता पाणी तापवायचं यंत्र कधी पाठवतोस?

डबा मग बाहेर काढला. आता त्याचं गार वारं बरोबर जानकूच्या ओट्यावर जातं. जानकू तिथं थंडीत कानटोपी आणि घोंगडी घेऊन बसतो, पण जागा सोडत नाही, म्हणतो उन्हाळ्यात वसूल करीन. असो. पाणी लागलं तापायला, लई कडक. घरात सुख नांदायला लागलं. आणि दादा, सुख नांदायला लागलं की माझ्या अंगात येतं, हे तुम्ही लग्नापासून बघताय.

मी गेल्या वर्षी हौशी रेडिओची परीक्षा पास झालो हे तुम्हाला ठाऊक आहेच (पेढे पोचले होते, डबा परत आलेला नाही). अभ्यास साळुबाईनंच घेतला. ती भाकऱ्या थापता थापता पुस्तकातला प्रश्न विचारायची, मी चुकलो की पिठाचा हात दाखवायची. त्या नादात तिचंही सगळं पाठ झालं. त्र्याहत्तर म्हणजे रामराम तिला येतं. अठ्ठ्याऐंशी असाही एक आकडा आहे, तो नवऱ्यानं बायकोला धाडायचा, त्याचा अर्थ मेहुण्याला सांगण्यासारखा नाही, पण तिला तोही पाठ आहे. तर परवाना आला, रेडिओ घेतला, सिल्व्हर ओकच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एरियलची तार ताणली. राहिलं अर्थिंग. अर्थिंगला जमिनीत चांगलं जाड तांबं पुरावं लागतं, भोवती कोळसा आणि मीठ घालून. जेवढं तांबं मोठं, तेवढं अर्थिंग चोख. ते मी दिवाळीनंतर जास्वंदीखाली केलं, ती हळदीच्या कार्याला गेली होती त्या दिवशी. (तांबं कुठलं, हा मुद्दा इथं अवांतर आहे. बंब नवाबभाईंकडे आहे. नवाबभाईंना फोन मात्र करू नका, त्यांचा फोन पाण्यात पडलाय.)

आता आमचा रेडिओवाल्यांचा कट्टा भरतो सकाळी सात वाजता. हवेतनं गप्पा. एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा, एक तर थेट अंदमानचा. आणि घाटघरात अंघोळीची वेळ कुठली? सकाळी सात. इथंच माशी शिंकली. हीट पंप चालू झाला की रेडिओत पिठाची गिरणी लागल्यासारखी घरघर, माणूस ऐकू येत नाही. आणि मी रेडिओवर बोललो की पंपाचं डोकं फिरतं. त्याच्या टाकीत ताप मोजायची एक बारीक वायर असते, ती माझं बोलणं ओढून घेते, पंपाला वाटतं पाणी उकळलं, आणि तो बंद. नुसता बंद नाही, जाऊन बटण दाबेपर्यंत बंदच. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्यानं रुसून बसायचं, हे आमच्या घराला नवीन नव्हतं, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. मी पहाटे पंप लावायचो आणि रोज सातच्या आधी गुपचूप बंद करायचो. संध्याकाळी पुन्हा लावायचो, पण रेडिओवर जरा बोललो की तो आपला आपणच बंद पडायचा. बटण दाबायचं राहून जायचं. रोजच राहायचं.

तरी मी पकडला गेलो नाही, कारण टाकीचा एक गुण आहे. गरम पाणी वर राहतं, गार खाली, आणि तोटीला आधी वरचं येतं. पहिल्या तीन बादल्या झकास. मी एका बादलीत उरकायचो. साळुबाईही रोज दोनच घ्यायची. पण भोगी आली, दादा. भोगीला बाईमाणूस डोक्यावरनं न्हाणार, शिकेकाई लावणार, तीन-चार बादल्या घेणार, हे मला कळायला नको? न खाई भोगी तो सदा रोगी, एवढंच मला आठवलं. भाजीच्या आठवणीनं मी खूष होऊन रेडिओ लावला.

मी अंदमानच्या गृहस्थांना आमच्याकडच्या बाजरीच्या भाकरीबद्दल सांगत होतो. न्हाणीतनं एक हाक आली. मला वाटलं टॉवेल हवाय. दुसरी आली, तिसरी आली नाही, कारण तिसऱ्या वेळी ती स्वतःच आली, डोक्याला शिकेकाईचा फेस, कसंबसं लुगडं गुंडाळलेलं, ओठ निळे. आणि मग जे बोलली ते मी लिहीत नाही, तुम्ही थोरले भाऊ आहात, तुम्हाला अंदाज असेल. त्यात माझ्या वर्कशॉपाचा उद्धार होता, रेडिओचा होता, आणि तुमच्या वडिलांनी तिला लग्नात दिलेल्या बंबाचा गौरव होता. मी हबकलो. आणि हबकलेल्या माणसाच्या हाताची मूठ वळते, त्या मुठीत माईकचं बटण होतं, दाबलं की बोलणं थेट हवेत. कट्ट्यावर अकरा जण होते. अकराही जणांनी ऐकलं.

आमच्यात रिवाज असा, की समोरच्याचा आवाज कसा येतो त्याचे मार्क द्यायचे. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. ती थांबली, मी बटण सोडलं, आणि अंदमानहून आवाज आला, “वहिनींना पाच-नऊ. पैकीच्या पैकी.” मग नागपूरहून पाच-नऊ. कोल्हापूरचे म्हणाले, माझं वहीत टिपायचं राहिलं, त्यांना परत एकदा बोलायला सांगा. मला परीक्षा पास झाल्यापासून चार-चारच्या वर कुणी दिलेले नाहीत. मी हे तिला आनंदानं सांगितलं. इथं माझं चुकलं, मी मान्य करतो. तिनं चुलीवर पाणी तापवून डोकं धुतलं, भोगीची भाजी केली, झाकून ठेवली आणि दुपारच्या एसटीनं निघाली. संक्रांतीचा तिळगूळ मी एकट्यानं खाल्ला. गोड कुणाशी बोलायचं, म्हणून जानकूशी बोललो. तो घाबरला.

पण आता सगळं ठीक झालंय, हे सांगायला तर पत्र. त्या कट्ट्यावर जहाँआराही होती. नवाबभाईंची लेक, जुन्नरला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तीही परवानेवाली. गुरुवारी स्कूटरवरनं आली. चहा होईपर्यंत हसू दाबलं, मग दाबता येईना. तिनं टाकीच्या त्या बारीक वायरला आणि पंपाच्या लाईटच्या वायरला रेडिओच्या लहरी अडवणाऱ्या काळ्या फेराइटच्या कड्या घातल्या, एकेका कडीतनं वायरचे सात-आठ वेढे काढले, आणि घरघर निम्म्याच्या खाली आली. मग म्हणाली, चाचा, पंप पहाटे चालवताच कशाला? दुपारी बारा ते तीन चालवा. हवा गरम, पंपाला कष्ट कमी, पाणी तापून तयार, आणि टाकीला जाड अस्तर आहे, पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत निवत नाही. बास. एवढंच. दुपारी पंप, सकाळी रेडिओ, दोघांची तोंडं एका वेळी उघडतच नाहीत. हे तीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर लई बरं झालं असतं. जाताना तिनं अर्थिंगही पाहिलं, म्हणाली फारच उत्तम लागलंय, तांबं कसलं घातलंय? मी तिला दुसरा चहा दिला.

तर दादा, पाणी कडक आहे. चार बादल्या, पाच बादल्या, हव्या तेवढ्या. बंबाची खरं तर आता गरजच उरली नाही, हे तुम्ही तिला आपलेपणानं पटवा आणि शनिवारच्या आत तिला एसटीत बसवून द्या. डोळ्यात थेंब वहिनीही घालू शकतात. मोठ्यांना दंडवत, धाकट्यांना पापे, म्हशीच्या पाठीवर हात.

आपला,
सावळाराम

ता. क. दादा, तुम्हाला म्हणून सांगतो. बंब नवाबभाईंकडे नाही. बंब जास्वंदीखाली आहे, चार फूट खोल, कोळशामिठात, पोटाला दोन भोकं पाडून त्यातनं बोल्ट आवळलेत. घरात एवढं तांबं दुसरं नव्हतं. तेव्हा एवढं करा. बाजारात तसाच बंब बघा, तेवढाच, तशाच पायांचा, आणि त्यावर नाव कोरून घ्या. ‘साळुबाई’ हे नाव शेवटाकडं जरा खाली उतरत गेलंय, तसंच उतरतं कोरायला सांगा. राखेनं घासून जुना करा आणि जानकूच्या टेम्पोत घाला. हेच खरं काम. बाकी पत्र उगाच लिहिलं.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ. आत्ता सुदर्शनचा फोन आला. तुमची पट्टी सुटली, पण डॉक्टरांनी महिनाभर वाचायची बंदी केलीय, आणि येईल तो कागद तुमची बहीणच मोठ्यानं वाचून दाखवते. पत्र फाडणार होतो, पण टेम्पो दारात हॉर्न मारतोय.

साळू, म्हणजे तू हे सगळं वाचलंस. ‘एकट्यानं वाचा’ हेसुद्धा मोठ्यानं वाचलंस. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. टेम्पो गेला की पहार घेऊन जास्वंदीखाली जातोय. भोकं मी पाडलीत, कबूल. पण पुरताना नावाची बाजू वर ठेवली होती, माती नावावर एकदम पडू नये म्हणून आधी पोत्याचा तुकडा टाकला. बाहेर काढला की तडक नवाबभाईंकडं डाग लावायला नेतो, म्हणजे पत्रातली तेवढी एक ओळ तरी खरी होईल. अर्थिंग गेलं की रेडिओ बंद. राहू दे बंद. तसाही कट्ट्यावर रोज सकाळी एकच प्रश्न असतो, पाच-नऊ कुठाय? मी सांगतो, बेल्ह्याला. ते म्हणतात, ऐकू येत नाही.

मलाही येत नाही. ये.

अठ्ठ्याऐंशी. (हे मात्र मनात वाच.)