मालिका संपेपर्यंत दाढी नाही

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०
काल बर्फावर ४-२ हरलो, पण खरं म्हणजे आपणच जिंकलो. दुसऱ्या सत्रात पोर्ट हॅलमच्या रॅडक्लिफने आपल्या पोरसवदा कॅप्टनला पाठीमागून येऊन बर्फाभोवतीच्या फळीवर आपटलं. पंचांनी त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. दोन मिनिटं! माझं अंडं उकडायला जास्त वेळ लागतो. मग आपल्या टकरने हातमोजे फेकले, रॅडक्लिफची कॉलर धरली आणि तिथल्या तिथे उट्टं काढलं. पाच-सहा ठोसे. शेवटचे दोन तो खाली पडल्यावर, पण त्या भरात कोण मोजतो? रॅडक्लिफला स्ट्रेचरवरून नेलं. अख्खं स्टेडियम उभं. फळीवरची काच बडवून माझे तळहात लाल झाले.

लॉरेट बसून राहिली. बावीस वर्षं आम्ही नवरा-बायको शेजारी-शेजारी बसतो आणि अशा वेळी एकदम उठतो. काल मी एकटाच उठलो. गाडीत म्हणाली, मेल, त्याची आई टीव्हीवर बघत असेल रे. मी म्हणालो, आईने वेळेवर दोन धपाटे घातले असते तर ही वेळ आली नसती. हसेल असं वाटलं होतं. तिने गाडीतला रेडिओ बंद केला.

संकल्प: तिला हॉकीचा अलिखित नियम शांतपणे समजावणे. आवाज न चढवता.

१५ मार्च, शुक्रवार
समजावला. जेवणाच्या टेबलावर, मीठदाणी आणि केचपची बाटली घेऊन. मीठदाणी आपला कॅप्टन, केचप म्हणजे टकर. मिठाला कोणी धक्का मारला तर केचपने त्याचे दात पाडायचे, म्हणजे पुन्हा कोणी मिठाच्या वाटेला जात नाही. उलट यामुळे मारामारी कमी होते. आवाज फक्त दोनदा चढला.

लॉरेटने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात आपला कर्टिस कोण? मग केचपची बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवून दिली. माझं अजून खाऊन व्हायचं होतं.

कर्टिस आमचा मुलगा. ही डायरी कोणी वाचणार नाही, पण त्याच्याबद्दल लिहायला मला आवडतं. नऊ वर्षं व्यावसायिक हॉकी, त्यातली चार इथे आपल्या टॅमरॅक लिंक्सकडून. नंबर सत्तावीस. गोल करणं त्याचं काम नव्हतं. तो आमचा केचप होता. एकशे सेहेचाळीस मारामाऱ्या. त्याची मी वेगळी निळी वही ठेवली आहे: तारीख, समोर कोण, निकाल. ब्याऐंशी जिंकल्या, एकेचाळीस हरल्या, बाकी बरोबरीत. अशी वही या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही.

आता चौतीसचा आहे. इथून तीन तासांवर, मोठ्या इस्पितळाच्या मागे राहतो. दिवसभर पडदे लावून बसतो, कारण ऊन त्याला लहानपणापासूनच सोसत नाही. थोडा विसरभोळा झालाय. माझाही चष्मा रोज हरवतो.

१८ मार्च, सोमवार
लॉरेट कर्टिसकडे गेली. म्हणे काही दिवस. बर्फाचे बूट, लोकरीची पिशवी आणि मोठं पातेलं घेऊन गेली. काही दिवसांसाठी पातेलं कशाला, हे विचारायचं राहिलं. सीझन तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलंय. हे शुभचिन्ह आहे. जिला परत यायचं नसतं ती तिकीट फाडते.

बाद फेरीच्या आत येईल. बावीस वर्षांत तिने बाद फेरीचा एकही सामना चुकवलेला नाही.

संकल्प: आपण होऊन फोन न करणे. सुरुवात तिने केली.

२० मार्च, बुधवार
फोन केला. पिरोगी, म्हणजे त्या बटाटा भरलेल्या करंज्या, किती वेळ उकळायच्या ते विचारायला. तो वेगळा विषय आहे. म्हणाली, वर आल्या की काढ. कर्टिस झोपला होता.

२२ मार्च, शुक्रवार
टकरला आठ सामने बंदी. अन्याय. मागच्या रांगेत ऑस्कर पेल्टोला नावाचा गडी बसतो, कागदाच्या मिलमध्ये तीस वर्षं माझ्याच पाळीला होता. कर्टिसच्या काळात हा माणूस माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा. आज म्हणतो, आठ कमीच झाले, पडलेल्या माणसाला मारणं यात कसला आलाय मर्दपणा. मी म्हणालो, मग पाठीमागून मारण्यात आहे का? तो म्हणाला, त्यातही नाही. मी म्हणालो, तुला नक्की कुठली बाजू घ्यायचीय? म्हणाला, मला घरी जाऊन झोप येईल ती. आमच्या रांगेतल्या दोघांनी त्याला ‘जा, फिगर स्केटिंग बघ’ म्हणून सुनावलं, तर वरच्या रांगेतल्या एका बाईंनी त्या दोघांना सुनावलं. पूर्वी या भागात एकमत असायचं.

लॉरेटच्या खुर्चीवर मी माझा कोट ठेवतो, म्हणजे कोणी बसत नाही. ऑस्कर मध्येच वाकून कोटाला विचारतो, काय वहिनी, आज कॉफी नको का? दोन रांगा हसतात. मीही हसलो. तसं खेळीमेळीचंच वातावरण असतं.

२८ मार्च, गुरुवार
लॉरेटचा फोन. तिने केला! (२० तारखेचा फोन धरायचा नाही असं ठरलं आहे.) म्हणाली, कर्टिस आठवडाभर छान आहे. पडदा उघडतो, सकाळी माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत येतो. बाबा कधी येणार म्हणून रोज विचारतो. रविवारी ये.

मी म्हणालो, आलोच असतो, पण बुधवारपासून बाद फेरी, आणि समोर पोर्ट हॅलमच. कालपासून दाढी सोडली आहे. दाढीचं तिला सांगायला नको: बाद फेरी लागली की खेळाडू वस्तरा लावत नाहीत, आपणही लावत नाही, आणि गावाबाहेर पाऊल टाकत नाही. कर्टिसच्या पहिल्या वर्षी मी एकदा दात काढायला बाहेरगावी गेलो आणि आपण मालिका हरलो. हे तिलाही माहीत आहे.

शिवाय हॉकीत हात मिळवायचे ते मालिका संपल्यावर. सात सामने एकमेकांची डोकी फोडायची, शेवटी बर्फावर समोरासमोर दोन रांगा करायच्या, प्रत्येकाने प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, छान खेळलात. संपलं. मग कोणाच्या मनात काही राहत नाही. तसंच आपणही करू, मी म्हणालो. मालिका संपली की येतो, तुझ्याशीही हात मिळवतो.

ती मग म्हणाली, मेल, तो कुठल्या मालिकेत नाहीये रे.

मुद्दा तिला कळला नाही.

३१ मार्च, रविवार
गेलो नाही. गाडीचे टायर तपासले, चारही उत्तम. आज गेलो असतो तर आरामात संध्याकाळपर्यंत परत आलो असतो, हे नोंदवून ठेवतो.

४ एप्रिल, गुरुवार
पहिला सामना हरलो. जर्सी धुतली नव्हती, तरीही. मागचा पुढचा विचार करता एकच कारण दिसतं: घरातून निघताना मी कर्टिसकडे जाण्याचा विचार केला होता.

संकल्प: विचारही न करणे.

१० एप्रिल, बुधवार. दुपारी ४.३०
मालिकेत २-३ ने मागे आहोत. टकर परत आलाय, पण रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात जो तो फोन करून त्याच्या नावाने खडे फोडतोय. कोणीतरी टकरची बाजू घ्यायला हवी म्हणून मीच फोन लावला. अकरा मिनिटं थांबवून ठेवलं. कानात कार्यक्रम चालूच होता.

माझ्या आधीचा फोन एका बाईंचा. ‘मला टकरबद्दल बोलायचंय’ एवढं म्हणाल्या आणि मी ओळखलं. बावीस वर्षं माझ्या डाव्या कानाशी तोच आवाज आहे.

कार्यक्रमवाल्याने विचारलं, बाई, तुम्ही टकरच्या बाजूने की विरुद्ध? ती म्हणाली, मी त्याच्या आईच्या बाजूने. म्हणाली, माझा मुलगा नऊ वर्षं हेच काम करत होता आणि मीही उभी राहून टाळ्या वाजवल्यात, तेव्हा मी कोणाला शहाणपण शिकवायला फोन केलेला नाही. माझ्या नवऱ्याकडे एक निळी वही आहे, तीत एकशे सेहेचाळीस मारामाऱ्या आणि कोण जिंकलं ते लिहिलंय. एक्याण्णवाव्या मारामारीनंतर पोरगा गाडीत कागदी पिशवीत ओकत होता, ते लिहिलेलं नाही. त्यानंतर एकदा तो आमच्याच गल्लीत घर शोधत फिरला, ते नाही. मागचा आठवडा फार चांगला गेला हो, त्याच्या खोलीचा पडदा उघडला होता. मग सोमवारी मला विचारलं, आई, बाबांची पाळी किती वाजता सुटते? बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

कार्यक्रमवाला मग म्हणाला, नवऱ्याचं यावर काय म्हणणं आहे? ती म्हणाली, माणूस वाईट नाही हो. त्याला फक्त वाटतं की मालिका संपेपर्यंत सगळं जग थांबून राहतं.

मग कार्यक्रमवाला म्हणाला, पुढचा फोन, टॅमरॅकहून मेल. बोला, मेल.

मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. आणि ठेवला.

आवाज स्वच्छ येत होता.

त्याच दिवशी, ५.१५
निळी वही काढली. नंबर एक्याण्णव. माझ्याच अक्षरात: ‘जिंकला! डाव्या हाताचा एकच ठोसा! नंतर पिझ्झा.’

पिझ्झा मी एकट्याने खाल्ला होता. अख्खा. त्याला भूक नाही म्हणाला होता.

उद्याच जातो. ठरलं. मात्र उद्या सहावा सामना आहे, घरच्या बर्फावर, आणि हरलो तर मालिकाच संपते, म्हणजे जायला आपोआप मोकळा. आणि जिंकलो तर फार तर चार दिवस. सोमवारी विचारलं म्हणजे त्याला मी आठवतोच आहे. चार दिवसांनी काय बिघडतं?

१२ एप्रिल, शुक्रवार
जिंकलो. सगळे नाचत होते. मीही उठलो. मग बसलो. ऑस्करने विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हणालो, गुडघा.

१५ एप्रिल, सोमवार. रात्री ११
सातवा सामना हरलो. ३-१.

शेवटी बर्फावर दोन रांगा लागल्या. पोर्ट हॅलमच्या रांगेत शेवटी रॅडक्लिफ आला. त्या दिवसापासून तो खेळलेला नाही. कोट-टाय घालून, साध्या बुटांत, एका सहकाऱ्याच्या खांद्याला धरून एकेक पाऊल टाकत होता. टकरपाशी पोहोचल्यावर दोघांनी हात मिळवले आणि टकरने त्याला कवटाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काचेला नाक लावून बघत होतो. रॅडक्लिफने काळा चष्मा घातला होता. आत. छताखाली. तिथे कुठलं आलंय ऊन?

ऑस्कर मागून उतरून आला, लॉरेटच्या खुर्चीवरचा कोट उचलून माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, मेल्विन, आता तरी जा.

१६ एप्रिल, मंगळवार
पहाटे निघालो. दाढी तशीच, तीन आठवड्यांची. हरल्यावर ती काढायची असते, पण पाणी तापेपर्यंत थांबवेना. निळी वही बरोबर घेतली होती. वाटेत एका पंपावर कॉफी घेतली आणि वही तिथल्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. वीस किलोमीटर पुढे गेलो, परत आलो, पिंपातून काढली. चाळीस किलोमीटर वाया. आता डिकीत आहे.

लॉरेटने दार उघडलं. माझ्या बाहीवरचा पिंपातला कॉफीचा डाग पाहून ओल्या फडक्याने पुसायला लागली. मग हळूच म्हणाली, आज बरा दिवस नाहीये, मेल.

आत पडदे बंद. कर्टिस खुर्चीत. मी दारात उभा राहिल्यावर तो उठला. नेहमी उठायचाच, वळण चांगलं आहे पोराला. माझ्याकडे बघितलं, दाढीकडे बघितलं, हात पुढे केला आणि म्हणाला, छान खेळलात.

मला वाटलं, गंमत करतोय. मग वाटलं, दाढी. तीन आठवड्यांच्या पांढऱ्या दाढीत बाप ओळखू कसा यावा? लॉरेटला म्हणालो, थांब, आलोच. त्याच्या न्हाणीघरात गेलो, त्याच्याच वस्तऱ्याने सगळी काढली. घाईत हनुवटीला दोन ठिकाणी कापलं. तोंड धुतलं, केस मागे घेतले, रिटायर व्हायच्या आधी असायचे तसे. आरशात अगदी मीच.

बाहेर आलो. कर्टिस पुन्हा उठला. हनुवटीवरचं रक्त पाहून त्याचा चेहरा कळवळला. हात पुढे करून म्हणाला, लागलं का हो फार? छान खेळलात.

मी त्याचा हात धरला. मोठा हात आहे, बोटांची पेरं वेडीवाकडी. मी म्हणालो, तूही बेटा. तूही फार छान खेळलास.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. लॉरेट म्हणाली, मेल, सोड आता त्याचा हात, त्याचं सूप निवतंय.