दोन रिंगा

११ डिसेंबर १९९८, मुरूड

दिघीहून होडीने खाडी ओलांडली. तीन सायकली, तीन माणसं आणि एक बोकड! समर्थ सगळा वेळ गुडघा धरून बसला होता. पणजी सोडून तेरा दिवस झाले. नाशिक आता पाच दिवसांवर.

आठ वाजता बूथवरून घरी दोन रिंगा दिल्या, फोन ठेवला. आईने ठरवून दिलंय — दोन रिंगा म्हणजे तिघं खुशाल, कुणी उचलायचं नाही. तिसरी वाजली तर अडचण, उचलायचं. माझे दोघे मित्र, ज्ञानेश आणि समर्थ, एकमेकांचे चुलतभाऊ. नाशिकजवळ मखमलाबादला त्यांच्या गुलाबांच्या मळ्यात फोन नाही, तिथे आई निरोप धाडते. बूथवाला वैतागला — "बोलायचं नाय तर फिरवता कशाला?"

निघताना बाबा म्हणाले होते, "बँकेची मुलाखत सोडून हुंदडायला चाललास. आल्यावर माझ्याशी बोलू नकोस." तरी रोज वाटतं, त्यांनी चुकून उचलावा.

१३ डिसेंबर, वसई

दोन रिंगा. नेहमीसारख्या.

१४ डिसेंबर, डहाणू

समर्थचा गुडघा भाकरीसारखा फुगलाय. "मी उद्या एसटीने जातो," म्हणाला. ज्ञानेश भडकला — "शेवटचा घाट राह्यला आन् तू सायकल टपावर टाकतो?" मग दोघं माझ्यावर उलटले, बेत माझा म्हणून. कुणी कुणाशी बोलेना.

मला घरच्या कुणाचा तरी आवाज हवा होता. रिंग चालूच ठेवली. तीन. दहा. वीस. पुन्हा लावला. उचललाच नाही!

आई आठ वाजता घर सोडून कुठे जात नाही. म्हणजे बाबांनी उचलू दिला नाही. पोरगा अडचणीत असला तरी नाही! एवढा राग? मग मलाही आहे. घरी जायचं, कपडे बॅगेत भरायचे आणि ज्ञानेशकडे राहायला जायचं.

१५ डिसेंबर, जव्हार

समर्थ आमच्याबरोबरच आला. गुडघ्याला फडकं बांधून, चढावर सायकल ढकलत. ज्ञानेश त्याची बॅग घेऊन मागे चालला. फोन केला नाही. मुद्दामच.

१६ डिसेंबर, नाशिक, संध्याकाळ

त्र्यंबकेश्वर सोडल्यावर उतार, वारा. बाबांना काय काय सुनवायचं ते वाटभर घोकत होतो. सीबीएस स्टँडवर आम्ही एकमेकांना मिठी मारली, समर्थ रडला. ते दोघं मखमलाबादकडे वळले, मी द्वारका चौकाकडे, घरी.

आईने दार उघडलं. मला कुरवाळलं आणि माझ्या मागे जिन्यात पाहिलं. "बाबा कुठेत?"

"मला काय विचारतेस?"

मग कळलं. रस्ता खोदताना केबल तुटली. दोन तारखेपासून गल्लीतले सगळे फोन बंद. तरी लावणाऱ्याला रिंग ऐकू येतेच म्हणे. म्हणजे मी इतके दिवस मेलेल्या फोनला खुशाली कळवत होतो! एक साधं कार्ड टाकायचं सुचलं नाही.

आठवडाभर काही कळेना म्हणून बाबांनी रजा टाकली. माझ्या मार्गाचा कागद भिंतीवरून काढला आणि दहा तारखेला एसटीने पणजीला गेले. आईला म्हणाले, "सुरुवातीपासून विचारत येतो. मीही रोज आठला दोन रिंगा देईन. लाइन आली तर कळेल तुला." रक्तदाबाच्या गोळ्या शेल्फवरच राहिल्यात. सहा दिवस झाले. लाइन आज दुपारी आली.

मी कपडे भरणार होतो. स्वतःची लाज वाटते.

साडेसात झालेत. आई आणि मी फोनपाशी बसलोय. दुसरी रिंग संपायच्या आत उचलायला हवा, नाहीतर ते उद्या पुन्हा मला शोधत फिरणार.

त्याच दिवशी, सव्वाआठ

पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, "बाबा, मी घरी आलो."

मग — "उचलायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"कुठे आहात तुम्ही?"

"मुरूडला. दोन रिंगा देऊन ठेवणार म्हटल्यावर बूथवाला म्हणाला, ‘असाच एक पोरगा पाच दिवसांपूर्वी येऊन गेला. तुमचा कोण तो?’"