सुनेनं लपवलेली कात्री

दि. ४ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तू जन्मभर बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स, म्हणून तुलाच विचारते, असली थेरं तिथं रोज बघतेस का गं? पोटुशी असताना आमच्या सूनबाई सारखा गॅस बंद आहे का बघायच्या, ते हसण्यावारी नेलं. आता नात दोन महिन्यांची झाली, तरी बाईसाहेब तिला आंघोळ घालत नाहीत, गच्चीत नेत नाहीत, मी खोलीत नसले तर उचलतसुद्धा नाहीत.

परवा तर कहर झाला! गिऱ्हाईक दारात, कापड टेबलावर पसरलेलं आणि माझी शिवणाची मोठी कात्री गायब. सापडली पाण्याच्या टाकीमागे, टॉवेलात गुंडाळलेली, वर गाठीवर गाठ. विचारलं तर म्हणाली, घरात नको. अगं, त्याच कात्रीवर हे घर उभं राहिलंय! लेक म्हणतो, नाटकं आहेत, लक्ष देऊ नकोस.

आपणही पोरं वाढवली, पण असले चोचले नव्हते. रविवारी लेक कामावर असतो. येत्या रविवारी बाळ तिच्या हवाली करून बाहेरून कडी घालते आणि शेजारच्या दुकानात जाऊन बसते. अंगावर पडलं की सगळं येतं.

तुझ्या गुडघ्यांना आराम दे. लोभ आहेच, तो काय लिहायचा?

ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. अक्कल काय गिऱ्हाइकाच्या कापडाबरोबर शिवून दिलीस? आपल्याच हातून बाळाला काही होईल, असले नको नको ते विचार तिच्या मनात घुसतात आणि ती त्यांनाच घाबरते. अशा कितीतरी जणी मी पाहिल्यात. बाळावर जीव असतो, म्हणूनच त्या इतक्या भेदरतात. बाळ काढून घेतील या धास्तीनं कुणाला सांगतही नाहीत. यावर उपचार आहेत, बरं वाटतं.

कडी घालू नकोस. तिला मनाच्या डॉक्टरकडे ने. नाटकं म्हणणाऱ्या तुझ्या दिवट्यालाही सोबत घेऊन जा.

रागावलीस तर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

धाकटी

दि. २९ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र हाती यायला सोमवार उजाडला. आदल्याच दिवशी, रविवारी, मी पराक्रम करून बसले होते. दुपारी कडी काढली तर पाळण्यात पोर रडून रडून घोगरी झालेली, आणि सून पलीकडच्या खिडकीशी. माझ्याच मापाच्या टेपनं तिनं आपले हात गजाला बांधून घेतले होते. दातांनी आवळलेली गाठ, माझ्यानं सुटेना. मी मेलीनं त्या पोरीला कोंडलं गं!

त्याच आठवड्यात दोघांना घेऊन मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांच्यापुढे लेक फिदीफिदी हसला, म्हणाला, बायकांचं असंच असतं. त्याला तिथंच झापलं की दात दाखवायचे तर दातांच्या डॉक्टरकडे जा. आता रात्रीचं बाळ तोच बघतो, तोंड वाकडं करून का होईना. सून औषध घेते, दर आठवड्याला बाईंशी बोलायला जाते. रडते अजून, पण आता माझ्याजवळ बसून रडते.

लपवल्यानं भीती वाढते, म्हणून बाईंनी कात्री लपवू नका असं सांगितलंय, तेव्हा ती पुन्हा टेबलावर असते. काल नातीच्या झबल्याचा एक दोरा लोंबत होता. सून बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, तिनं स्वतःहून कात्री मागितली. मी दिली, आणि मुद्दाम तिच्याकडे पाठ करून मशीन चालवत बसले. शिवण वाकडी गेली, पण वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. दोरा कापलेला होता, आणि कात्रीची मूठ माझ्याकडे केलेली.

माया पातळ केली नाही, हे कळावे.

ताई