शेपटीवर उभं राहणारं विमान

तीर्थस्वरूप मामा,

तुमच्या भाचीचा नमस्कार. आता थांबायला हवं हे सगळ्यांना दिसत असतं, पण ते म्हणायचं कुणी? घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला काहीही विचारता, पण याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. तुमची तब्येत बरी असेल. मामीचे गुडघे कसे आहेत? माझं म्हणाल तर मला पुन्हा भूक लागते, झोप येते, कारण आमचं विमान कायमचं बंद झालं.

ते लढाऊ विमान शेपटीवर उभं राहायचं. (फोटो तुम्ही फिरवून फिरवून पाहिलात, पहिल्यांदा धरला होतात तेच बरोबर होतं.) जागेवरून सरळ वर जायचं, मग आडवं होऊन उडायचं आणि पुन्हा उभं राहून खाली यायचं. धावपट्टीच नको, त्या जमिनीवर शाळा बांधता येतील, असं मी मुलाखतीत इतक्या तळमळीने सांगितलं की नोकरी मिळाली. (हा फायदा त्यांनाही नवीनच होता.) घोडं अडलं ते उतरण्यात. वैमानिक उताणा, तोंड आभाळाकडे, जमीन पाठीमागे. म्हणून खालून रेडिओवर कुणीतरी त्याला सांगायचं. साहेब म्हणाले, हिचा आवाज खणखणीत आहे. मी तुमच्या टेम्पोमागे उभी राहून वाढलेली. चाचणीच्या दिवशी तोंडातून आपसूक 'येऊ द्या, येऊ द्या' निघालं.

दोन मजल्यांच्या उंचीवर विमान भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. आमचे सगळे वरिष्ठ एकाएकी बुटांच्या नाड्या बांधू लागले. मी ओरडले, "नको! वर जा!" वैमानिकाने विमान पुन्हा वर नेलं, आणि तो चाचणीपुरत्या लावलेल्या चाकांवर, जी वाचवायची होती त्याच धावपट्टीवर, चारचौघांसारखा उतरला. घाम पुसत साहेबांना म्हणाला, "पुढच्या खेपेला तुम्ही बसा. 'येऊ द्या' मी म्हणतो."

तरी पुढची खेप ठरलीच, कारण पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. मग नोकरीवर पाणी सोडायची तयारी करून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "हे पुन्हा उडवलं तर माणूस जाईल." साहेबांनी उठून दार लावलं. मी मनात म्हटलं, संपलं. ते खुर्चीत मटकन बसले. "सुटलो गं बाई! कुणीतरी हे बोलावं म्हणून मी वर्षभर वाट बघतोय."

मामीला नमस्कार सांगा.

तुमची भाची

ता. क. : मुद्दा राहिलाच. गेल्या आठवड्यात टेम्पो मागे घेताना तुम्ही शेजाऱ्यांचं फाटक पाडलंत आणि वर विचारलंत, "हे इथे कधी बसवलं?" तुम्हाला मोतीबिंदू झालाय हे घरात सगळ्यांना कळतं. मामी म्हणते आई सांगेल, आई म्हणते दादा सांगेल, आणि दादा विषय निघाला की पाणी प्यायला जातो. रविवारी तुमच्याकडे जेवताना मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा आणखी भात मागितला. म्हणून लिहिते : ऑपरेशन होईपर्यंत टेम्पो चालवायचा नाही.

ता. क. २ : किल्ली शोधू नका. ती मी रविवारीच पर्समध्ये घालून आणली. पिठाच्या डब्यामागे लपवलेली दुसरीसुद्धा.